खाडा

सपनाने ओढणी झटकली आणि दर्शना तायडेचं लिहिणं थांबलं. तसं झटकायला तिला कोणी सांगितलं नव्हतं. एका घरातल्या चोरीच्या चौकशीसाठी गेले काही दिवस ती रोज सकाळी पोलीस ठाण्यात येत होती, संध्याकाळी उजेड असतानाच घरी जात होती, आणि आत्ता तिला फक्त बाथरूमला जायचं होतं. चौकशीच्या खोलीच्या दारात महिला शिपाई माधुरी उभी होती. सपना तिच्यासमोर थांबली, गळ्यातली ओढणी काढली, दोन टोकं धरून एकदा झटकली, परत घातली, आणि लगेच पुढे न जाता क्षणभर तशीच उभी राहिली. काही लपवलेलं नाही हे बघणाऱ्याचं बघून व्हावं म्हणून. माधुरी मोबाइलमध्ये गढली होती, तिने काहीच पाहिलं नाही. पाहिलं ते दर्शनाने, टेबलाच्या पलीकडून. सहायक निरीक्षक म्हणून तिने माणसांचं रडणं, शिव्या, पाया पडणं, चक्कर आल्याचं सोंग हे सगळं इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याचं आता काही वाटत नसे. हे झटकणं मात्र तिच्या घरचं होतं.

आई अशीच झटकते. शकु तायडे, वय सत्तरीच्या आसपास, आता कुठेच कामाला न जाणारी, मानखुर्दच्या स्वतःच्या फ्लॅटमधून बाहेर पडताना दारात थांबते, पदर खांद्यावरून काढते, झटकते, पुन्हा घेते आणि श्वासभर थांबते. समोर कोणी असो वा नसो. शेजारच्या बाईला वाटतं, म्हाताऱ्या बाईला कपड्यावर केर चालत नाही. विहारातून निघताना, दवाखान्यातून, भाचीच्या लग्नाच्या हॉलमधून निघताना, सगळीकडे हेच. लहानपणी दर्शनाला वाटायचं, सगळ्याच आया घरातून निघताना असं करतात. चौथीत असताना मैत्रिणीची आई तशीच सरळ चालत बाहेर पडली, तेव्हा तिला ती बाई काहीतरी विसरली असं वाटलं होतं. त्याच वर्षी कधीतरी ते सुरू झालं होतं, हे तिला पुष्कळ उशिरा जुळलं. त्याच वर्षी मुलुंडच्या एका डॉक्टरांच्या घरातल्या तिजोरीतून बांगड्या गेल्या होत्या आणि तिथे धुणीभांडी करणाऱ्या शकुला एका सकाळी चौकीत नेलं होतं. ती दिवेलागणीला परत आली. वडील, भाऊराव, खाटेवर बसून होते. आईने स्टोव्ह पेटवला आणि दर्शनाला पाढे म्हणायला लावले. ना गुन्हा दाखल झाला, ना बांगड्या सापडल्या. आईने पुढच्या महिन्यात दुसऱ्या सोसायटीत कामं धरली, आणि तिथून पहिल्या दिवशी निघताना मालकिणीसमोर पदर झटकला. मालकीण म्हणाली असेल, अहो काय हे. किंवा काहीच म्हणाली नसेल.

सपना परत येऊन बसली. तिच्या कपाळावर तिने पाण्याचा हात फिरवला होता. समोरच्या कागदावर दर्शनाने जे लिहिलं होतं ते कालच्यासारखंच होतं, परवासारखंच. मुलुंडला दोन, घाटकोपरला दोन आणि बोरिवलीला एक, अशी पाच घरं. सगळी जुन्या इमारतींतली, भिंतीत बसवलेल्या लोखंडी तिजोऱ्यांची, एकेकाळी धंद्यात किंवा सराफीत असलेल्या माणसांची. कुठेही कुलूप फोडलेलं नाही, कडी वाकलेली नाही. तिजोरी तिच्याच किल्लीने उघडलेली आणि तिच्याच किल्लीने बंद केलेली, किल्ली परत होती तिथे. सगळं नेलेलं नाही, आतल्या बाजूचं, रोज लागत नाही ते तेवढं नेलेलं. लोक तिजोरी उघडतात लग्नकार्याला, धनत्रयोदशीला, बँकेचं काम निघालं तर. त्यामुळे चोरी कळली ती महिन्यांनी, आणि नेमकी कधी झाली हे एकाही घराला सांगता येईना. बाहेरून कोणी आलं होतं का, या प्रश्नाला पाचही घरांचं उत्तर एकच होतं. कोणी नाही. मग किल्ली कुठे असते हे ठाऊक असलेली, घरात रोज येणारी, घरची नसलेली व्यक्ती उरली. प्रत्येक घरात अशी एक बाई होती. दर्शनाच्या हेही लक्षात आलं होतं की, कोणावर संशय आहे का असं विचारताच घरातली माणसं तिजोरीकडे बघत नाहीत. ती स्वयंपाकघराकडे बघतात.

पाच घरांत पाच वेगळ्या बाया होत्या. वरिष्ठ निरीक्षक राऊळ यांना त्यात अडचण दिसत नव्हती. मूळचे मालवणकडचे, सावकाश बोलणारे, निवृत्तीला आलेले राऊळ म्हणत की या बाया एकमेकींना ओळखतात, एका ठिकाणी पाण्याला उभ्या राहतात, एकीने केलं की दुसरीला कळतं. त्यांना वरून रोज फोन येत होते. सपना ज्या घरात काम करायची ते मुलुंड पूर्वेचं घर शर्मिष्ठा वैद्य यांचं, आणि वैद्यांच्या ओळखी लांबवर होत्या. सकाळीच राऊळांनी दर्शनाला केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. चहा सांगितला, पंखा कमी केला, आणि म्हणाले, "तायडे, उद्या तिला दाखवून टाकूया. अटक दाखवली की एक कायतरी बोलतलीच. बाकीच्या चार आपोआप येतील." दर्शना म्हणाली, सर, तिच्याकडे काही मिळालेलं नाही. राऊळ म्हणाले, मिळत नाही म्हणूनच अटक करायची असते, मिळालं असतं तर प्रश्न काय होता. हे ते निष्ठुरपणे म्हणाले नाहीत. हवामान सांगावं तसं म्हणाले. दर्शना उठताना त्यांनी आणखी एक विचारलं, तुमका ती निर्दोष वाटता काय. दर्शनाने सांगितलं, मला काही वाटत नाही. ते खरं होतं. वाटू न देणं हे तिने नोकरीत आल्यावर सगळ्यात आधी शिकून घेतलं होतं.

नोकरी लागली तेव्हा आईने विहारात पेढे वाटले. गणवेश घालून दर्शना पहिल्यांदा समोर उभी राहिली तेव्हा आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. पट्ट्याच्या बकलावरून बोट फिरवलं आणि विचारलं, तुला बायांची झडती घ्यावी लागेल का. नियमाप्रमाणे घ्यावी लागते, दर्शना म्हणाली. आईने बकलावरचं बोट काढलं. मग म्हणाली, "मग हात गरम करून घेत जा." चौकीतल्या त्या दिवसाबद्दल आई आयुष्यात जे काही बोलली ते इतकंच. दर्शना तेव्हापासून झडतीआधी तळवे एकमेकांवर घासते. ठाण्यात त्याची थट्टा होते. माधुरी म्हणते, मॅडम आता जादू करणार. हवालदार प्रज्योत म्हणतो, मॅडम तंबाखू मळतात. दर्शना हसते आणि घासत राहते. पण आईला जे विचारायचं ते तिने कधी विचारलं नाही. तू घेतल्या होत्यास का, हा प्रश्न तिने आजवर कितीतरी बायांना विचारला होता, नरमाईने, ओरडून, चहा देऊन, टेबलावर हात आपटून. उत्तर देताना माणसाचं काय काय हलतं ते तिला ठाऊक होतं. आईला तो प्रश्न विचारायचा म्हणजे उत्तर येताना आईचे डोळे, बोटं, गळ्याची शीर हे सगळं तिला बघावं लागलं असतं, न बघणं आता तिच्या हातात उरलं नव्हतं. म्हणून ती विचारत नव्हती. आईने घेतल्या नव्हत्या, असं ती मानून चालत होती. मानून चालणं आणि माहीत असणं यांतला फरक कोर्टात रोज ती स्वतःच दुसऱ्यांना समजावून सांगत असे.

समोर सपना ओढणीच्या टोकाची गाठ बांधत आणि सोडत होती. तिची बाकीची कामं आधीच गेली होती. पोलीस घरी आल्याचं कळलं त्याच दिवशी उरलेल्या तिन्ही घरांनी तिला येऊ नको म्हणून कळवलं होतं, एकीने फोनवर, एकीने वॉचमनकडून, एकीने दार न उघडून. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, विचारल्यावर सांगितलं होतं. आणि दर्शनाला शर्मिष्ठाबाईंचा जबाब आठवू लागला, सांगताना त्यांचा लागलेला सूर आठवू लागला. बाई कामाला बरी, पण खाडे फार. गणपतीत गावी गेली ती दोन दिवस जास्त राहिली. दिराच्या मुलाचं बारसं, पोटदुखी, पावसात पाणी भरलं. मे महिन्यात दोनदा आली नाही आणि वर म्हणते, तुम्हीच येऊ नको म्हणालात. खोटं बोलायची सवयच आहे, त्या म्हणाल्या होत्या. दर्शनाने ते तेव्हा लिहूनही घेतलं नव्हतं, कारण मालकिणी असं बोलतातच. तिची आई आयुष्यभर खाडा या एका शब्दाला घाबरत आली होती. न सांगता घेतलेली सुट्टी, सांगून घेतलेली सुट्टी, आजारपण, मयत, मालकिणीच्या लेखी सगळा खाडाच. आज पहिल्यांदा दर्शनाच्या मनात आलं की इतके दिवस आपण सपनाला एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारतोय. तू तिथे कधी होतीस, बेडरूममध्ये कधी गेलीस, किल्ली कधी पाहिलीस. हिच्या जागी आई बसली असती, तर तिच्या मालकिणीने सगळ्यात आधी काय विचारलं असतं? तिने कागद उलटा केला.

"सपना, तू कधी कधी गेली नाहीस ते सांग."

सपनाचा चेहरा लगेच बंद झाला. आता हाही गुन्हा, असं तिला वाटलं असणार. ती घाईने सांगू लागली की गणपतीचे दोन दिवस तिने कबूल केले होते, बारशाला पण सांगून गेली होती, आणि मे महिन्यातले दोन खाडे तिचे नव्हतेच. "मॅडमनीच येऊ नको सांगितलं होतं. आईशप्पथ. झुरळांचं औषध मारणार होते म्हणून. वास जात नाही, तू उद्या ये, बोलल्या. दोन्ही टायमाला." दर्शनाने विचारलं, दोन्ही वेळा औषधच होतं का. सपना म्हणाली, हो, एकदा मारतात आणि मग पंधरवड्याने परत मारतात, अंड्यांतली पिल्लं निघतात ना, त्यांच्यासाठी. पहिल्या वेळेला सगळे डबे काढून पलंगावर ठेवायचे असतात. दुसऱ्या दिवशी ते परत पुसून लावायला तीच होती.

दर्शनाने तिथूनच शर्मिष्ठाबाईंना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, कबूल झाली का. मग मे महिन्यातल्या त्या दोन दिवसांचं ऐकून म्हणाल्या, हो हो, ते पेस्ट कंट्रोल होतं, आता आठवलं. बाहेरून कोणी आलं नव्हतं असं तुम्ही म्हणालात, दर्शना म्हणाली. पलीकडे खरंखुरं आश्चर्य होतं. कोणी आलं नव्हतंच. ते काय, सोसायटीने पाठवलेले, सगळ्या बिल्डिंगमध्ये करून गेले. आम्ही थोडंच बोलावलं होतं? किल्लीचं विचारलं तेव्हा त्या जरा थांबल्या. किल्ली तांदळाच्या डब्यात असते. डबे बाहेर काढताना त्यांनी ती काढून हातात घेतली होती आणि सगळं झाल्यावर परत डब्यात ठेवली होती. कोणासमोर? समोर कोण असणार, त्या म्हणाल्या, आम्ही दोघं आणि तो औषधवाला. दुसऱ्या खेपेला डबे काढले नव्हते, वासाने त्यांचं डोकं धरतं म्हणून दोघं नवराबायको जिन्यात उभे राहिले होते. दार त्यानेच ओढून घेतलं, वास जिन्यात नको म्हणून. चांगला मुलगा होता. तोंडाला फडकं बांधलेलं, त्यामुळे चेहरा काही आठवत नाही.

उरलेल्या घरांना दर्शना आणि प्रज्योत जाऊन आले. कोणी आलं होतं का, हे आता तिने विचारलं नाही. तुमच्या बाईने खाडे कधी केले, असं विचारलं, आणि सगळीकडे माणसं सरसावून बसली. घाटकोपरच्या एका आजोबांना नातवाची इयत्ता आठवत नव्हती, पण बाई होळीनंतर कोणत्या वारी आली नाही हे आठवत होतं. बोरिवलीच्या घरात सासू आणि सून यांचं एका खाड्यावरून एकमत होईना, सून म्हणाली तो सोमवार, सासू म्हणाली मंगळवार, आणि मग दोघी एकदम म्हणाल्या, अगं तेव्हा ते झुरळांचं होतं नाही का. प्रत्येक घरात असे दोन दिवस निघाले, पंधरवड्याच्या अंतराने, आणि प्रत्येक घराने ते दिवस बाईच्या नावावर टाकलेले होते. परतताना गाडीत प्रज्योतने काच खाली केली. मग म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे ट्रॉम्ब्याला हे होणारच नाय. आमच्या घरात मांजरं एवढी, झुरळ राहतंय कशाला." दर्शना हसली नाही म्हणून तो पुढे म्हणाला, त्याची बायको कल्पिता बाजारात मासळी विकते, तिला कोण आलं कोण गेलं सगळं आठवतं, उधारीवाला सोडून. तेव्हा ती थोडी हसली. पवई ओलांडताना तलावावर ऊन पडलं होतं आणि पाण्यावर जलपर्णीचे हिरवे तुकडे तरंगत होते. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं तिला वाटलं. झाला नाही. सारखं काहीतरी मागे खेचत होतं, पायात अडकलेल्या दोऱ्यासारखं.

पुढचं काम नेहमीचं होतं, तेवढ्यासाठी राऊळांनी अटक थांबवून ठेवली. पाचही सोसायट्यांनी काम एकाच ठेकेदाराला दिलं होतं, पाचही ठिकाणी फवारा मारणारा माणूस एकच होता आणि त्याने दिवाळीआधी काम सोडलं होतं. तो आरे कॉलनीत एका बंद पडलेल्या तबेल्याजवळ भाड्याने राहत होता. सकाळी बसची वाट बघत उभा असताना प्रज्योतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिशीचा, स्वच्छ दाढी केलेला, कोणाच्याही लक्षात न राहणारा माणूस. खोलीत पत्र्याखाली फवाऱ्याची रिकामी टाकी होती आणि तिच्यात फडक्यात गुंडाळलेले दागिने, विकून उरलेले. तो फार त्रास न देता बोलला. म्हणाला, साहेब, मी काही शोधत नव्हतो. डबे काढताना प्रत्येक घरात बाईमाणूस किल्ली काढून हातात घ्यायचं आणि नंतर परत ठेवायचं, माझ्यासमोर. मी तिथे आहे असं कोणाला वाटायचंच नाही. राऊळांनी त्याच्याकडे पाहिलं, मग दर्शनाकडे पाहिलं, आणि बरां झालां, असं म्हणून फोन करायला गेले. सपनाला अटक दाखवायचे कागद तयार होते. त्यांनीच ते फाडून टोपलीत टाकले. 

सपनाला दर्शनाने स्वतः सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, मग मी जाऊ? दर्शना म्हणाली, वैद्य मॅडमना मी बोलले आहे, त्या तुला परत बोलावतील. सपना म्हणाली, बोलावतील ना. कुठे मिळतेय त्यांना इतक्या पैशात बाई. मग ती उठली, दाराशी गेली, आणि दर्शनाची नजर तिच्या ओढणीवर गेली. सपनाने ओढणीला हात लावला नाही. ती सरळ बाहेर गेली. थोड्या दिवसांची सवय होती, सुटली. दर्शना मोकळ्या दाराकडे बघत राहिली आणि तिला जाणवलं की आपल्याला त्या बाईचा हेवा वाटतोय.

पौर्णिमेला तिची साप्ताहिक सुट्टी आली. आई विहारात निघाली होती, पांढरी साडी नेसून आरशासमोर पिन लावत होती. खिडकीतून ट्रॉम्बेच्या टेकड्यांचा धुरकट निळा रंग दिसत होता. दर्शनाने तिला तिजोरीचोराची हकीकत सांगितली. आईने सगळं लक्ष देऊन ऐकलं. त्या बाईला सोडलं का, एवढं विचारलं. सोडलं, दर्शना म्हणाली. कशी सोडलीस? मग दर्शनाने खाड्यांचं सांगितलं. ती ज्या दिवशी नव्हती त्या दिवशी चोरी झाली, हे सिद्ध झालं, म्हणून सुटली. हे सांगता सांगताच ते आतलं खेचणं एकदम ताणलं गेलं आणि इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न दुसऱ्याच वाटेने तिच्या तोंडापर्यंत आला. तो तिने आत ढकलला नाही.

"आई, त्या डॉक्टरांकडे तू किती खाडे केले होतेस?"

आईचे हात पिनेवर थांबले. कोणते डॉक्टर, असं तिने विचारलं नाही. आरशातून तिने दर्शनाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "एक पण नाही. तुला गोवर निघाला होता तेव्हा पण गेले होते. तुझा बाप ओरडला, तरी गेले. मी कधी खाडा केला नाही, बाई." हे ती ताठ मानेने म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता, जुना, घट्ट, वापरून गुळगुळीत झालेला. जिच्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं तिने तो जपून ठेवला होता. आणि दर्शनाला समोर कागद असल्यासारखं स्पष्ट दिसलं की ज्या प्रश्नाने सपना सुटली त्याच प्रश्नाने आई अडकली असती. घरात कोणी आलं असेल, गेलं असेल, औषधवाला, रंगारी, डॉक्टरांचा भाऊ, प्रत्येक दिवशी आईही तिथे होतीच. एकही रिकामा दिवस नाही, ज्यातून तिला बाहेर काढता येईल. कोणत्याही अधिकाऱ्याने हेच लिहिलं असतं. दर्शनानेही हेच लिहिलं असतं. आईच्या गळ्याची शीर, बोटं, डोळे तिने बघितले की नाही, हे तिला नंतर आठवेना. बघितले असणार. त्यांतून काही कळलं नाही.

आईने पिन लावली, पिशवीत मेणबत्त्या आणि उदबत्तीचा पुडा ठेवला, चपला घातल्या. दर्शनाने दार उघडून धरलं. आई उंबरठ्यावर थांबली, पदर खांद्यावरून काढला, दोन्ही हातांनी एकदा झटकला. आवाज झाला, धुतलेल्या सुती कपड्याचा होतो तसा. आणि दर्शनाची नजर खाली गेली, आईच्या पावलांपाशी, फरशीवर. तिने ती मुद्दाम नेली नव्हती. फरशी कोरडी होती, तिथे काही पडलं नव्हतं. आईने पदर परत खांद्यावर घेतला होता, पण ती निघाली नव्हती. बघणाऱ्याचं बघून होईपर्यंत थांबायची तिची रीत होती. ती थांबली. दर्शनाने मान वर केली, तेव्हा ती जिना उतरू लागली.